बाळ ११ महिन्यांचं, कार सीट पुढे तोंड करून फिरवू का? (आणि सासूबाईंना काय सांगू)

चिऊचीआई
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.
गणपतीला पुण्याहून कोल्हापूरला जायचंय, सासरी. लेक ११ महिन्यांची, वजन ९ किलो ४००. कार सीट ती चार महिन्यांची असताना घेतली पण खरं सांगायचं तर आत्तापर्यंत सहा-सात वेळाच वापरली असेल. त्यात ठेवली की पाच मिनिटांत भोकाड पसरते. सीट मागे तोंड करून लावलीये त्यामुळे तिला आम्ही दिसत नाही, आणि आता तर तिचे पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकायला लागलेत. नवरा म्हणतो खोक्यावर ९ ते १८ किलो पुढे तोंड असं लिहिलंय, म्हणजे आता फिरवू, खिडकीतून बघत गप्प बसेल. सासूबाईंचं वेगळंच. परवा इथे होत्या तेव्हा म्हणाल्या, "पोरीला कैद्यासारखं बांधून काय नेताय, माझी मांडी झिजली का?" यावर मला काही बोलताच आलं नाही, कारण चिऊ खरंच त्यांच्या मांडीवर खंबाटकी घाटसुद्धा झोपून पार करते.
तर प्रश्न दोन. १) फिरवू का? २) सासूबाईंना काय सांगू?

टवाळखोर
क्र. २ चं उत्तर मिळालं तर मलाही कळवा. कार सीट सोडून बाकीच्या विषयांनापण चालेल.

रानजाई
माझं सहा महिन्यांचं आहे. रुमाल टाकून ठेवते, सावकाश वाचेन.

बंडूतात्या
आमच्या वेळी एका फियाटमधे आठ माणसं आणि वर टपावर ट्रंक. मी तर मागच्या काचेखाली जी फळी असते ना, तिच्यावर आडवा होऊन मुंबई ते सावंतवाडी गेलेलो आहे. कसली सीट नि कसलं काय. आजीच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही. हल्लीच्या आयांना सगळं विकत घेतल्याशिवाय चैन पडत नाही एवढं खरं. (हलकेच घ्या)

गोथेनबर्गकर
फिरवू नका. घाई अजिबात करू नका. इथे स्वीडनमधे मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत मागेच तोंड करून बसतात, माझा साडेतीन वर्षांचा मुलगा अजून तसाच बसतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण त्याच्या बालवाडीतली बहुतेक पोरं तशीच येतात. ही कल्पनाच इथली. १९६४ च्या सुमारास बर्टिल अल्डमन नावाच्या डॉक्टरने अंतराळवीर यानात कसे पाठीवर रेलून जोर सोसतात ते बघून मुलांसाठी उलटी सीट काढली आणि व्होल्वोच्या गाडीत तिची चाचणी झाली.
कारण सोपं आहे. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने भलतं मोठं असतं, जन्मतः उंचीच्या जवळपास पाव, आपलं आठवा भाग. आणि मानेचे मणके अजून बरेचसे कूर्चेचे, म्हणजे मऊ. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्याचं अंग पट्ट्यांनी अडतं, डोकं मात्र सुसाट पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम सीटच्या पाठीत रुततं.
खोक्याबद्दल: तुमची सीट बहुतेक आर४४ या जुन्या युरोपियन नियमाची असणार, नारिंगी स्टिकर बघा. त्यात वजनावर हिशोब, मागे तोंड १३ किलोपर्यंत आणि पुढे तोंड ९ पासून. ९ ते १३ च्या मधे दोन्ही चालतं असं खोकं म्हणतं. नंतरच्या आर१२९ मधे १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करायला परवानगीच नाही. चिऊ ११ चीच आहे.

चिऊचीआई
@गोथेनबर्गकर धन्यवाद, हे १५ महिन्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं, दुकानदाराने तर नाहीच. पण पाय? पाय दुमडून बसतं ते पोर.

गोथेनबर्गकर
घरी कशी बसते? मांडी घालूनच ना? गाडीतपण घालेल. पायांना त्रास होत असता तर रात्री पायाचा अंगठा तोंडात घालून झोपली नसती.

टवाळखोर
थोडक्यात मांडीवर नको, मांडी घालून. सासूबाईंना हेच सांगा.

फिजिक्सवाले_सर
बंडूतात्यांच्या मांडीचा हिशोब करू. नववीच्या पोरांना येतो, आपल्यालाही जमेल.
ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. एखादी वस्तू १० मीटरवरून खाली पडली की जमिनीला लागताना साधारण हाच वेग असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्याची गॅलरी. आता गाडी समोरच्या ट्रकवर आदळली, बोनेट चेपत चेपत अर्ध्या मीटरमधे थांबली असं धरा. ऋण त्वरण निघतं गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट. चिऊ ९.४ किलो, म्हणजे आजीच्या हातांना तेवढ्यापुरती ती १८८ किलोची लागणार. सिमेंटच्या जवळपास चार गोण्या. आणि हे सगळं सेकंदाच्या चौदाव्या भागात, आजी "अगंबाई" म्हणायच्या आत. आजींच्या प्रेमाबद्दल शंका नाही, मनगटाबद्दल आहे.

पाऊसवेडी
बापरे. सर मी तर बाळाला माझ्याच सीटबेल्टच्या आत घेऊन बसते, दोघांना मिळून एक बेल्ट. मग ते ठीक ना?

फिजिक्सवाले_सर
नाही हो, ते तर जास्त वाईट. तुमचं वजन ५५ धरलं तर वीसपट म्हणजे ११०० किलो, आणि तुमच्या नि बेल्टच्या मधे बाळ. आजच बंद करा प्लीज.

पाऊसवेडी
हात थरथरतायत वाचून. आणि मी पुढे बसते नवऱ्याशेजारी. एअरबॅग आहे म्हणून तिथे जास्त सेफ असं वाटायचं.

अनुजा_जर्सी
पाऊसवेडी, घाबरू नकोस, आत्तापर्यंत काही झालं नाही ना, उद्यापासून मागे बस आणि सीट घे. एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशोबाने केलेली असते, पापणी लवायच्या आत फुगते आणि बाळाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत. उलट्या तोंडाची सीटसुद्धा एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कध्धी लावायची नाही, गाडीच्या सनव्हायझरवर त्याचं चित्र असतं बघ, बाळावर फुली मारलेलं. आपण ते आरशात टिकली लावताना रोज बघतो.
इकडे जर्सीत बाळंतपणानंतर घरी निघताना नर्स गाडीपर्यंत आली होती, सीट नीट आहे का बघायला. माझ्या आईला वाटलं टिप मागायला आलीये, तिने वीस डॉलर काढले, नर्स नको नको म्हणतेय आणि आई तिच्या खिशात कोंबतेय.
थंडीच्या देशातल्यांसाठी: जाड जॅकेट घालून पट्टे लावू नका. पट्टा जॅकेटला घट्ट बसतो, पोराला नाही, धडकेत जॅकेट चेपतं आणि पोर सुटून पुढे येतं. आधी पट्टे, वरून जॅकेट उलटं पांघरायचं.

साधामाणूस
हे सगळं वाचून एक विचारावंसं वाटलं. धागा एनआरआय आणि एसयूव्हीवाल्यांचा आहे का? माझ्याकडे २०११ ची छोटी हॅचबॅक आहे. त्यात आयसोफिक्स (बाळाची सीट अडकवायचे गाडीतले हूक) नाही. मी, बायको, आई, बाबा, दोन पोरं. सीट लावली तर आईला कुठे बसवू, डिकीत? आठ-दहा हजारांची एक सीट, दोन पोरांच्या दोन. शाळेच्या रिक्षात माझी मोठी मुलगी रोज दहा जणांत बसून जाते, तिथे कुणी मांडीचा हिशोब करत नाही. स्कूटरवर पोरगा पुढे उभा राहून हँडल धरतो. आठवड्यातून एकदा कारमधे सुरक्षित बसवून काय साधणार?

कोकणी_माणूस
साधामाणूसला +१. तेवढा हप्ता निघेल की हो.

लिंबूटिंबू
साधामाणूस, राग आला नाही, मुद्दा खरा आहे. फक्त दोन गोष्टी.
आयसोफिक्स नसलं तरी सीट लागते. गाडीच्या तीन टोकांच्या साध्या बेल्टने लागणाऱ्या सीट मिळतात आणि नीट बांधल्या तर चांगलं काम करतात. आयसोफिक्सने चूक व्हायची शक्यता कमी होते, एवढाच मोठा फरक. आणि मोठ्या मुलीला कदाचित पूर्ण सीट लागणारही नाही, बूस्टर (पोराला उंच बसवणारी बैठक) पुरेल, तो बराच स्वस्त पडतो. नुसता गाडीचा बेल्ट लावला तर लहान पोराच्या तो गळ्यावर आणि पोटावर येतो, बूस्टरमुळे खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर येतो. उंची साधारण १४५ सेंमी होईपर्यंत लागतो.
जागेचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मागे दोन सीट आणि दोन मोठी माणसं मावत नाहीत म्हणजे नाहीत. आम्ही लांबच्या प्रवासाला सासऱ्यांना रेल्वेचं तिकीट काढून देतो. ते खुश असतात, गाडीत मुलांची गाणी ऐकावी लागत नाहीत.

वकीलबुवा
अवांतर नाही म्हणून लिहितो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सेफ्टी बेल्ट किंवा चाइल्ड रिस्ट्रेंटशिवाय नेलं तर गाडी चालवणाऱ्याला किंवा तसं नेऊ देणाऱ्याला १००० रुपये दंड. स्कूटरचाही नियम आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, मुलाला हेल्मेट, आणि वेग ४० च्या आत. पुढे उभं राहून हँडल धरणे हा प्रकार त्यात बसत नाही.

साधामाणूस
वकीलबुवा, तुम्हाला कधी कुणी अडवून चाइल्ड सीट विचारली आहे?

वकीलबुवा
नाही. पीयूसी विचारलं आहे.

टवाळखोर
सनरूफमधून अर्धं पोर बाहेर काढून एक्सप्रेसवेवर जाणाऱ्यांसाठी कुठलं कलम? परवा लोणावळ्याजवळ बघितलं. बाप ड्रायव्हिंग करतोय, आई व्हिडिओ काढतेय, पोर हवेत. बहुतेक सनरूफचे पैसे वसूल करत होते.

पानसुपारी
आमच्या शेजाऱ्यांना विचारलं, कार सीट घेतली का, तर म्हणाले गरजच नाही, गाडीत चाइल्ड लॉक आहे. मी पुढे काही बोलले नाही, लिफ्ट आली.

अनुजा_जर्सी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? चिऊच्या आई, एक विचारते, ती रडते कशाने याचा शोध लावला का? दिशा सोडून बाकीच्या गोष्टी बघ. चार महिन्यांची असताना पट्टे ज्या भोकांतून घेतले होते त्याच भोकांत अजून आहेत का? मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून निघायला हवा. ती आता वाढली, पट्टे खूप खाली राहिले असतील तर खांदे दाबत असतील. आणि आत नवजात बाळासाठीची उशी येते, ती काढली का?

गोथेनबर्गकर
आणि मी पण एक विचारतो. गाडीचा बेल्ट सीटमधून घेतलाय तो निळ्या खुणांमधून की लाल? तुमच्यासारख्या दुहेरी सीटला दोन वाटा असतात. मागे तोंड असेल तर निळी, पुढे तोंड असेल तर लाल. खाली जाऊन एकदा बघा.

चिऊचीआई
रात्री साडेअकराला पार्किंगमधे मोबाइलची टॉर्च घेऊन गेले. वॉचमनकाका विचारतात, मॅडम काही हरवलंय का.
बेल्ट लाल खुणांमधून होता. सात महिने. ॲक्सेसरीजच्या दुकानातल्या माणसाने लावून दिली होती आणि आम्ही हात लावला नाही. सीट धरून हलवली तर अख्खी वीतभर हलली. नवजात उशी अजून आत. पट्टे सगळ्यात खालच्या भोकात. एक पट्टा आतून पिळलेला.
म्हणजे ज्या सहा-सात वेळा मी सासूबाईंशी वाद घालून तिला त्यात बसवलं त्या वेळीसुद्धा ती धड सुरक्षित नव्हती, आणि वर तिला टोचत होतं. मला खूप वाईट वाटतंय.

अनुजा_जर्सी
अगं वाईट काय वाटून घेतेस. माझ्या मोठ्याच्या वेळी मी सहा महिने छातीवरची क्लिप बेंबीवर लावत होते, ती काखेच्या रेषेत हवी. पार्किंगमधे एका अनोळखी बाईने काच वाजवून सांगितलं. त्या वेळी राग आला होता.

लिंबूटिंबू
आता तिथेच नीट कर, सोपं आहे. मॅन्युअल काढ (फेकलं असेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं). बेल्ट निळ्यातून घे, सीट वजन देऊन दाब, बेल्ट ओढून घट्ट कर. जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवायची, इंचापेक्षा कमी हलली की झालं. सीटचं वरचं टोक थोडं हलणारच, त्याला घाबरू नकोस. मग चिऊला बसवून पट्टे लाव आणि खांद्यावर पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न कर. चिमटीत आला तर सैल.

बंडूतात्या
वरचा माझा प्रतिसाद लिहून ताईला फोन केला होता, फियाटची आठवण काढायला. ती म्हणाली, बंड्या, माझ्या हनुवटीवरचे तीन टाके विसरलास का? पनवेलच्या पुढे म्हैस आडवी आली, बाबांनी ब्रेक मारला, मी आजीच्या मांडीवरून डॅशबोर्डवर. आजी आयुष्यभर रडायची म्हणे त्यावरून. मी फळीवर झोपलो होतो म्हणून मला आठवत नाही. असो. मांडीबद्दलचं वाक्य मागे घेतो. विकत घेण्याबद्दलचं नाही.

रानजाई
तात्या _/\_
मी सेकंडहँड घेऊ का? मैत्रीण अर्ध्या किमतीत देतेय.

गोथेनबर्गकर
मैत्रीण अगदी खात्रीची असेल आणि सीट कधी अपघातात नव्हती हे तिला ठाऊक असेल तर घ्या. मागे किंवा तळाला तारीख असते, बऱ्याच सीटची मुदत सहा ते दहा वर्षं असते, ती बघा. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन नको, आतला तडा वरून दिसत नाही.

चिऊचीआई
गणपती करून आले, अपडेट देते.
सीट मागे तोंड करूनच ठेवली. उशी काढली, पट्टे वर घेतले, बेल्ट निळा. सासूबाईंना सरांचा हिशोब सांगायचं ठरवलं होतं पण सिमेंटच्या गोण्या त्यांच्या तोंडावर म्हणायचं धैर्य झालं नाही. कोल्हापूरला पोचल्यावर बंडूतात्यांच्या ताईची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. येताना त्या पुण्याला आमच्याबरोबरच आल्या, गाडीत बसताना स्वतःच मागे सीटशेजारी बसल्या आणि चिऊचं बोट धरून ठेवलं. त्यांना म्हटलं आई बेल्ट लावा, तर म्हणाल्या मला कशाला, मी काय बाळ आहे का. तिथे नवऱ्याने गाडीच सुरू केली नाही.
रडली का? जाताना कात्रज ते शिरवळ रडली, मग थांबली. येताना कराडच्या आधी झोपली ती थेट साताऱ्यात उठली. दर दीड-दोन तासांनी थांबून बाहेर काढलं. पाय मांडी घालूनच होते.

टवाळखोर
सासूबाई २ - सून २, सामना बरोबरीत.

साधामाणूस
मी बूस्टर मागवला मोठीसाठी. धाकट्याची सीट दिवाळीनंतर. स्कूटरवर पुढे उभं करणं बंद केलंय, तो रुसलाय. रिक्षाचं काही जमलेलं नाही.

चिऊचीआई
@साधामाणूस मस्त. आता एक शेवटचा प्रश्न. साताऱ्यात थांबलो तेव्हा सासूबाईंनी तिला सीटमधेच कंदी पेढा भरवला, तो कव्हरवर आणि पट्ट्यांवर सगळीकडे लागलाय, मुंग्या झाल्यात. मशीनला टाकू का सगळं?

अनुजा_जर्सी
कव्हर टाक, आधी लेबल बघ. पट्टे मशीनला नको, भिजवूही नकोस, ब्लीच तर अजिबात नाही, धाग्यांची ताकद जाते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळव. बकलमधे पेढा गेला असेल तर मॅन्युअलमधे दिलंय तसंच धू, तेल घालू नकोस. आणि काढायच्या आधी पट्ट्यांचा फोटो काढून ठेव, नैतर परत लाल-निळा धागा निघेल.

टवाळखोर
पेढे आणलेत आणि धाग्यावर वाटले नाहीत?